यूगो म्हणेल तसं: दाल्मेशियाच्या बेटांवर आठ दिवस

निघण्याआधी चार महिने माझ्या फोनच्या पडद्यावर एकच फोटो होता: बिशेवो बेटावरची निळी गुहा. पाण्याखालच्या भोकातून ऊन आत शिरतं आणि गुहा आतून निळी पेटते. ती गुहा मी पाहिलेली नाही. हे आधीच सांगून टाकते. त्यासाठीच कुणी वाचत असेल तर त्याचा वेळ तरी वाचेल.

२०२४ च्या सप्टेंबरअखेरीस मी आणि माझी आत्या क्रोएशियाच्या दाल्मेशिया किनाऱ्याने स्प्लिटपासून दुब्रोव्निकपर्यंत छोट्या जहाजाने गेलो. आत्या वेंगुर्ल्याची, वय ६८, गणिताची निवृत्त शिक्षिका. जन्मभर समुद्राच्या कडेला राहिली, पण पोहायला येत नाही. मी ठाण्याची, मला तलावातलं पोहणं येतं, आणि तेवढ्यावर माझा फार आत्मविश्वास होता. जहाज म्हणजे १८ खोल्या, ३६ प्रवासी, सात माणसांचा ताफा. लिफ्ट नाही, कसिनो नाही, डॉक्टर नाही. नाश्ता आणि दुपारचं जेवण जहाजावर, रात्रीचं ज्या गावात मुक्काम पडेल तिथे आपलं आपण. मोठं क्रूझ शहराएवढं असतं आणि ते लहान गावांच्या धक्क्याला लागूच शकत नाही. हे जहाज मात्र गावाच्या चौकाला खेटून उभं राहतं. पायरी उतरलं की समोर आईस्क्रीमवाला.

शनिवार: स्प्लिट, मग ब्राच

स्प्लिटला आम्ही आदल्या रात्रीच पोचलो होतो. तुम्हीही तसंच करा, उशिरा आलेल्या विमानासाठी जहाज थांबत नाही. सकाळी साडेसातला आत्या पर्स घेऊन दारात तयार. तिला राजवाडा नको होता, मासळीबाजार हवा होता.

स्प्लिटचा मासळीबाजार म्हणजे पेश्कारिया. जुन्या गावाच्या ऐन मध्यात आहे आणि तिथे माश्या घोंघावत नाहीत. शेजारीच गंधकाचे झरे आहेत, त्या वासाला माश्या फिरकत नाहीत असं तिथले लोक सांगतात. वास येतो खरा, उकडलेल्या अंड्यासारखा. संगमरवरी कट्ट्यांवर तारल्या, बांगड्याच्या जातीतले मासे, माकुल, ऑक्टोपस. आत्याने एका माशाचा कल्ला नखाने उचलून पाहिला. विक्रेती बाई कमरेवर हात ठेवून बघत राहिली. आता ही ओरडणार असं मला वाटलं, तर तिने स्वतःच शेजारच्या चार माशांचे कल्ले एकामागून एक उघडून दाखवले. सगळे लालभडक. दोघींनी माना डोलावल्या. आम्ही काहीच घेतलं नाही, तरी तिने आत्याला हात जोडल्यासारखं काहीतरी केलं.

राजवाडा म्हटलं की तिकीट काढून आत जायचं असं आपल्या डोक्यात असतं. डायोक्लिशनचा राजवाडा तसा नाही. रोमन सम्राट डायोक्लिशन इ.स. ३०५ मध्ये गादी सोडून इथे राहायला आला. पुढे त्याच्या भिंतींच्या आतच गाव वसलं आणि ते अजून तिथेच राहतंय. खांबांच्या मध्ये दुकानं, कमानीवर कुणाची तरी खिडकी, खिडकीतून दोरीवर वाळत घातलेल्या चादरी. मधल्या चौकात इजिप्तहून आणलेला काळ्या दगडाचा स्फिंक्स बसलाय. या सम्राटाने ख्रिश्चनांचा छळ केला, त्यात सालोना या जवळच्या शहराचा बिशप डोम्नियसही मारला गेला. नंतर सम्राटाच्या थडग्याची इमारत ख्रिश्चनांनी कॅथेड्रल केली आणि त्याच बिशपचं नाव तिला दिलं. हे ऐकून आत्या म्हणाली, “बरां झालां.”

दुपारी जहाजावर चढलो. चढताच पहिली गोष्ट: चपला टोपलीत. जहाजावर अनवाणी फिरायचं. आत्याला जहाज तिथेच पसंत पडलं.

जहाज एका कुटुंबाचं. स्प्लिटच्या दक्षिणेला क्रिलो नावाचं गाव आहे, तिथल्या कितीतरी घरांची अशी जहाजं आहेत. बाप कॅप्टन, मुलगा डेकवर, स्वयंपाकी मामा. दोन तासांत ब्राच बेटावरच्या पुचिश्चाला लागलो. पांढऱ्या दगडाचं गाव आहे. घरं दगडाची, छपरंही दगडी फरशांची. डायोक्लिशनचा राजवाडा ब्राचच्याच दगडाचा. इथे पाथरवटांची शाळा आहे, आणि मुलं यंत्राच्या आधी छिन्नी-हातोड्याने दगड घडवायला शिकतात. शनिवार असल्याने शाळा बंद होती. कुंपणावरून आत डोकावलं तर अंगणात अर्धवट कोरलेलं एक कोबीचं फूल पडलं होतं. गादी सोडलेल्या डायोक्लिशनला परत बोलवायला माणसं आली तेव्हा त्याने म्हणे, ‘मी लावलेले कोबी बघा, मग असं विचारणार नाही’ असं उत्तर दिलं होतं. कुणाच्या डोक्यात ती गोष्ट असेल, किंवा नुसता कोबीच असेल.

रविवार: बोल ते विस

सकाळी ब्राचला वळसा घालून बोल गावाला गेलो. इथला झ्लातनी रात हा किनारा पोस्टकार्डांवर असतो तो: पांढऱ्या गोट्यांची एक जीभ सरळ समुद्रात घुसलेली. वारा आणि प्रवाह बदलले की तिचं टोक इकडून तिकडे वळतं. वाळू नाही, सगळे गोटे, म्हणून रबरी बूट घ्याच. खडकांवर समुद्री साळिंदरं असतात, त्यांचा काटा पायात मोडला की सुट्टी संपली. आमच्या गटातल्या एका पोलिश मुलाचं तेच झालं आणि उरलेला आठवडा त्याची आई व्हिनेगर घेऊन त्याच्या मागे होती.

या जहाजांच्या मागे पाण्यालगत एक फळी असते, तिथून शिडीने उतरायचं. पाणी इतकं स्वच्छ की नांगराची साखळी तळापर्यंत मोजता येते. आपल्या समुद्रापेक्षा खारट असल्याने तरंगायलाही सोपं. आत्या फळीवर बसली, पाय पोटऱ्यांपर्यंत पाण्यात. डेकवरच्या पोराने तिला तरंगायची फोमची नळी दिली. तिने ती मांडीवर घेतली, शेवटपर्यंत.

दुपारच्या जेवणात काळा भात आला. माकुलाच्या जातीतल्या माशाची शाई घालून करतात, चवीला सुरेख, पण जीभ आणि दात काळे होतात. आत्याने ताटाकडे बघितलं. “ह्यो काळो भात माका नको.” मग तिच्यासाठी ब्लित्वा आली: पालक आणि माठ यांच्या मधली कुठलीशी पालेभाजी, बटाटा, लसूण, ऑलिव्ह तेल. त्या दिवसापासून मामाने तिच्यापुरती रोज ब्लित्वा केली. शाकाहारी असाल तर बुकिंगच्या वेळीच लिहून कळवा आणि चढल्यावर स्वयंपाक्याला पुन्हा तोंडी सांगा. ‘व्हेज’ म्हटल्यावर मासे चालतात असं इथे सर्रास समजतात.

संध्याकाळी विसकडे जाताना हवा बदलली. उन्हाळ्यात इथे दुपारी वायव्येकडून माएस्त्राल वाहतो, आपल्याकडच्या खाऱ्या वाऱ्यासारखा, वेळ पाळणारा आणि सुखाचा. तो त्या दिवशी आलाच नाही. आकाश दुधाळ झालं, कठड्याला हात लावला की ओला. आत्या म्हणाली, “हवा कुंद झाली गो. आज पापड घातले तर सुकूचे नाय.” मी हसले. रात्री साडेनऊला कॅप्टनने सगळ्यांना गोळा करून सांगितलं: यूगो येतोय.

सोमवार: विस, आणि न पाहिलेली गुहा

यूगो म्हणजे आग्नेयेकडून येणारा दमट, उबदार वारा. एकदम आदळत नाही. दोन-तीन दिवस चढत जातो आणि लाटा मोठ्या करत नेतो. लोकांची डोकी दुखतात, चिडचिड होते. दुब्रोव्निकच्या जुन्या प्रजासत्ताकात यूगो वाहत असताना महत्त्वाचे निर्णय घेत नसत, असं सांगतात. विसशेजारच्या बिशेवोवरच्या निळ्या गुहेचं तोंड इतकं बुटकं आहे की होडीत वाकून बसावं लागतं, आणि जरा लाट असली तर गुहा बंद. म्हणजे आमची गुहा गेली.

मी गाल फुगवून बसले. चार महिने! गटातल्या दोन ऑस्ट्रेलियन बहिणी तर कॅप्टनशी वाद घालायला लागल्या, पैसे परत मिळतील का म्हणून. कॅप्टनने खांदे उडवले आणि एकच शब्द म्हटला: “पोमालो.” हळूहळू, सावकाश, होईल. हा शब्द पुढे आठवडाभर ऐकला. गोव्यातल्या सुशेगादचा सख्खा भाऊ.

आता मागे वळून बघता सबंध प्रवासातला हा सगळ्यात चांगला दिवस होता, आणि हे मी तेव्हा कुणालाही कबूल केलं नसतं.

विस हे युगोस्लाव्ह सैन्याचं तळ-बेट होतं, १९८९ पर्यंत परदेशी माणसाला इथे पाय ठेवता येत नसे. डोंगरात बोगदे, किनाऱ्यात पाणबुड्या लपवायचं भुयार. १९४४ मध्ये युगोस्लाव्ह नेता टिटो काही महिने इथल्याच एका गुहेत राहून युद्ध चालवत होता. त्या बंदीमुळे हॉटेलं उठली नाहीत, म्हणून बेट अजून शेतांचं आणि मासेमारांचं दिसतं. आणखी एक गंमत: इथे क्रिकेट क्लब आहे. नेपोलियनच्या काळात ब्रिटिश आरमार इथे होतं, तेव्हा विल्यम होस्ट नावाच्या कप्तानाने खेळ सुरू केला होता. तो धागा पकडून अलीकडे लोकांनी पुन्हा पिच तयार केलंय. बसवाल्याला आम्ही भारतीय कळल्यावर त्याने स्टिअरिंग सोडून बॅट फिरवून दाखवली. घाटात.

बस डोंगर ओलांडून कोमिझाला गेली. हे बेटाच्या पश्चिम टोकाचं मासेमारांचं गाव. धक्क्यावरच्या व्हेनिसकालीन बुरुजात मासेमारीचं संग्रहालय आहे आणि तिथे फाल्कुशा नावाची होडी. तिच्या दोन्ही बाजूंच्या वरच्या फळ्या काढता येतात. उघड्या समुद्रात त्या लावायच्या, म्हणजे लाट आत येत नाही, अरुंद जागी वल्हवायचं असलं की काढायच्या. या होड्या दूरच्या पालाग्रुझा बेटावर तारली धरायला जायच्या. तिथे होड्या ओढायला किनारा इवलासा, म्हणून जो आधी पोचेल त्याला जागा. त्यातून शर्यतच सुरू झाली. १५९३ सालच्या शर्यतीची नोंद आहे: ७४ होड्या. आत्या फळ्यांच्या खाचांवरून बराच वेळ बोट फिरवत होती. तिचे आजोबा रापण ओढायचे. “बरोबर केल्यानी,” एवढंच म्हणाली.

बाहेर एका बेकरीत पोगाचा घेतला: दोन पोळ्यांच्या मध्ये कांदा आणि खारवलेला मासा भरून भाजलेला. चौकोनी तुकडा, वरून तेलाने चमकणारा. आम्ही विस गावात सकाळीच एक खाल्ला होता, असं मी बेकरीतल्या काकूंना सहज सांगितलं. मोठी चूक. विसच्या पोगाच्यात टोमॅटो नसतो, कोमिझाच्यात असतो, आणि दोन्ही गावांत जेमतेम दहा किलोमीटर अंतर. काकूंनी हातातला चिमटा खाली ठेवला आणि टोमॅटो का हवाच हे आम्हाला इंग्रजी, इटालियन आणि हातवारे मिळून सांगितलं. आत्या मालवणीतून त्यांना दुजोरा देत होती. आमच्याकडे बांगड्याच्या तिखल्यात तिरफळ किती ठेचायचं यावरून दोन घरांचं बोलणं बंद होतं, तेव्हा तिला विषय समजायला भाषेची गरज नव्हती. काकूंचा भाऊ कॅलिफोर्नियात सान पेद्रोला असतो, कोमिझाची निम्मी माणसं तिथेच गेली म्हणाल्या. आमचीही निम्मी मुंबईला, असं मी म्हटलं. दुसरा तुकडा फुकट मिळाला. (कोमिझाचा चांगला आहे. टोमॅटोमुळे खारटपणा बसतो.)

मंगळवार: लाटा आणि आलेपाक

खरं तर ह्वार गावात मुक्काम होता, पण ते बंदर दक्षिणेकडे उघडं, यूगोत तिथे जहाजं हिंदकळतात. म्हणून कॅप्टन त्याच ह्वार बेटाच्या उत्तरेकडच्या स्तारी ग्रादला निघाला. मधल्या उघड्या पाण्यात दीड तास जे झालं त्याचं वर्णन करत नाही. नाश्त्याची टेबलं रिकामी झाली, इतकंच. माझा तलावातला आत्मविश्वास पहिल्या वीस मिनिटांत कठड्यावरून समुद्रात गेला.

आत्या मात्र मधल्या डेकवर क्षितिजाकडे बघत ताठ बसून होती. मांडीवर आलेपाकाचा डबा. आधी मला एक वडी, मग शेजारच्या डच आजोबांना, मग भांडणाऱ्या ऑस्ट्रेलियन बहिणींना. दुपारपर्यंत अर्धा डबा संपला आणि ती जहाजाची आत्या झाली. लक्षात ठेवा: उलटीची गोळी निघण्याआधी घ्यायची, लाटा सुरू झाल्यावर ती पोटात राहत नाही. खोली निवडताना खालच्या डेकची, जहाजाच्या मध्यावरची घ्या. तिथे खिडकी नुसती गोल भोकाएवढी असते, इंजिनचा आवाज येतो, पण हलतं कमी आणि स्वस्त पडते.

स्तारी ग्राद म्हणजे जुनं गाव, नावाप्रमाणेच. इ.स.पू. ३८४ मध्ये पारोस बेटावरच्या ग्रीकांनी वसवलं. गावामागच्या सपाटीत त्यांनी शेतजमिनीचे मोजून आयत पाडले, दगडी बांध घातले, आणि चोवीसशे वर्षांनी तेच बांध, तेच आयत, त्यांत द्राक्षं आणि ऑलिव्ह. २००८ पासून जागतिक वारसा. आम्ही पायी गेलो. गणिताच्या बाईंनी विचारलं, एका आयताची लांबी-रुंदी किती? माहितीफलकावर होतं: साधारण ९०० गुणिले १८० मीटर. “म्हणजे पाचास एक,” ती म्हणाली आणि बांधावर बसली. एक शेतकरी द्राक्षं तोडून क्रेट ट्रॅक्टरवर चढवत होता. त्याने एक घड दिला. हातांना चिकटणारी, काळी, बारीक, बियांची द्राक्षं. आपल्या नाशिकच्या द्राक्षांपुढे दिसायला गरीब, चवीला जांभळाच्या जवळची.

ह्वार गावात बसने अर्ध्या तासात जाता येतं. आम्ही गेलो, सुंदर चौक पाहिला, एका कॉफीचा भाव पाहिला आणि परत आलो.

रात्री दोनला विजा. एकेक वीज डोंगरापासून डोंगरापर्यंत. वर पळापळ, दोर ताणल्याचा करकर आवाज. मी दार उघडून पाहिलं तर कॅप्टन हाफ पँटमध्ये पावसात उभा, आणि त्याचा मुलगा शेजारच्या जहाजाच्या दोरावर सगळा भार टाकून रेललेला. तासाभरात सगळं शांत झालं.

बुधवार: कोर्चुला

सकाळी वेगळंच जग. वारा उत्तरेचा, कोरडा, हवेत गारवा. पलीकडच्या मुख्य भूमीवर बियोकोवो डोंगराची प्रत्येक घळ मोजता येत होती. आत्याने पापडाचा विषय काढला नाही, पण माझ्याकडे बघितलं.

कोर्चुलाच्या गल्ल्या माशाच्या काट्यासारख्या आहेत: मधे एक कणा, दोन्ही बाजूंना फासळ्या. पश्चिमेच्या गल्ल्या सरळ, म्हणजे उन्हाळ्यातला माएस्त्राल आत यावा. पूर्वेच्या गल्ल्या जरा वाकवलेल्या, म्हणजे हिवाळ्यात उत्तरेकडून येणाऱ्या ‘बुरा’ या थंड वाऱ्याचा जोर मोडावा. शहाणी माणसं.

मार्को पोलो इथलाच, असा गावाचा दावा आहे. एक ‘जन्मघर’ही दाखवतात. पुरावा नाही, व्हेनिसवाले मान्य करत नाहीत. १२९८ मध्ये याच बेटाजवळ व्हेनिस आणि जिनोआच्या आरमारांची लढाई झाली, तीत तो पकडला गेला आणि जिनोआच्या तुरुंगात त्याने आपला प्रवास सांगून लिहवला, असं मानतात. मला त्याच्याबद्दल घरगुती जिव्हाळा आहे. त्याने ठाण्याबद्दल लिहिलंय: चामडं, सुती कापड, आणि एक राजा जो समुद्री चाच्यांशी संधान बांधून होता, लुटीतले घोडे राजाला, बाकी सगळं चाच्यांना. तिथल्या दुकानदाराला मी अभिमानाने सांगितलं की मी त्या ठाण्याची. त्याने विचारलं, अजून चाचे आहेत का? घोडबंदर रोडवर आहेत म्हटलं.

इथे बंदरात जागा कमी, म्हणून जहाजं एकाला एक चिकटून बांधतात. आमचं पाचवं होतं. जेवून परतताना चार परक्या जहाजांच्या दिवाणखान्यांतून जायचं, कुणी पत्ते खेळतंय, कुणी गात बसलंय, गुड इव्हिनिंग गुड इव्हिनिंग करत. चाळीत वाढलेल्यांना काही वेगळं वाटणार नाही. प्रत्येक जहाजाच्या मध्ये हातभर फट आणि खाली काळं पाणी. डेकवरचा पोरगा दर रात्री आत्याचा हात धरून तिला अशा सगळ्या फटी ओलांडून आणायचा. रात्री खिडकीचा पडदा ओढून घ्या, समोर शेजाऱ्याची खिडकी वीतभर अंतरावर असते.

गुरुवार: म्ल्येत आणि मुंगूस

म्ल्येत हिरवं बेट. पश्चिमेकडचा भाग १९६० पासून राष्ट्रीय उद्यान. पाइनच्या जंगलात दोन खाऱ्या पाण्याची तळी, अरुंद वाटेने समुद्राला जोडलेली. मोठ्या तळ्यात एक बेटुकलं आणि त्यावर बेनेडिक्टाइन साधूंचा जुना मठ. तिथवर जाणारी होडी उद्यानाच्या तिकिटातच येते, वेगळे पैसे देऊ नका. लहान तळ्याचं पाणी उबदार, तिथे मी तासभर तरंगले आणि बिशेवोला पूर्ण माफ केलं.

परतताना वाटेत, वीस पावलांवर, काहीतरी तपकिरी सर्रकन आडवं गेलं आणि झुडपाशी थबकलं. आत्या तिथल्या तिथे उभी राहिली आणि खणखणीत आवाजात म्हणाली:

“मुंगसा मुंगसा, तोंड दाखव, रामाची शपथ!”

त्याने वळून बघितलं. खरंच बघितलं. मग गेलं.

मला वाटलं भास. तिथल्या वनरक्षक मुलीला विचारलं तर ती हसली. मुंगूसच, आणि तेही तुमच्याकडचंच. म्ल्येतवर विषारी सापांचा फार सुळसुळाट होता म्हणून १९१० मध्ये, ऑस्ट्रिया-हंगेरीच्या राजवटीत, इथे भारतीय मुंगूस आणून सोडले. सापांचा बंदोबस्त झाला. मग मुंगसांनी कोंबड्या, पक्षी, अंडी यांच्याकडे मोर्चा वळवला, आणि आता मुंगसांचं काय करायचं हा प्रश्न आहे. आत्याने नेमकं काय म्हटलं ते त्या मुलीला हवं होतं. रामाची शपथ इंग्रजीत कशी समजवायची? मी म्हटलं, आमच्याकडे त्याचं तोंड दिसणं शुभ मानतात, म्हणून त्याला देवाची आण घालतात. ती म्हणाली, इथले कोंबड्या पाळणारेही त्याला देवाची आठवण करून देतात, पण वेगळ्या शब्दांत.

रात्री जहाजावर कॅप्टनचं जेवण. ताफ्याने गाणी म्हटली. नंतर खारोबाच्या शेंगांची दारू आली, गूळ आणि लाकूड यांच्या मधली चव. आत्याने चहा मागितला.

शुक्रवार: दुब्रोव्निक

जहाजं जुन्या गावाला लागत नाहीत, ग्रुझ बंदरात लागतात, तिथून बस. तटबंदीचं तिकीट आम्ही गेलो तेव्हा ३५ युरो होतं, आणि त्याच किमतीत एक दिवसाचा पास, ज्यात तट, संग्रहालयं आणि बस सगळं येतं. नुसतं तटाचं तिकीट घेणारे लोक रांगेत बघून वाईट वाटलं. तट जवळपास दोन किलोमीटर, सावली नाही. सकाळी आठला दार उघडताच चढा. आम्ही दुपारी चारला चढलो, तेही चाललं.

वरून छपरं दिसतात, काही फिकट जुन्या कौलांची, बरीचशी भडक नव्या. नवी म्हणजे १९९१-९२ च्या तोफमाऱ्यात फुटलेल्यांच्या जागी घातलेली. हे कुणी सांगायच्या आधी मला ती रंगसंगती वाटली होती.

गावाचा रक्षणकर्ता संत व्लाहो. प्रत्येक दारावर त्याची मूर्ती, हातात गावाची छोटी प्रतिकृती. आमच्या वाटाड्या बाईंनी विचारलं, तुम्ही गोव्याच्या जवळच्या का? तिथे कुंभारजुव्याजवळ गवंडाळीला याच संताचं चर्च आहे, आणि सोळाव्या शतकात दुब्रोव्निकच्या व्यापाऱ्यांनी ते उभारलं असं इथे सांगितलं जातं. आत्या सांगोड बघायला कुंभारजुव्याला गेली होती, होड्यांतून गणपती जातात तो उत्सव. “त्या वाटेन गेलंय मी,” ती म्हणाली. “चर्च बघूक नाय.” आणि मग दुब्रोव्निकच्या चर्चमधल्या संताला, त्याचं गोव्यातलं घर चुकवल्याबद्दल, तिने नीट नमस्कार केला.

शनिवार: हिशेब

नऊपर्यंत खोल्या रिकाम्या करायच्या. शेवटच्या सकाळी प्रत्येकाच्या हातात बिल येतं: पाणी, कॉफी, दारू, सगळं आठवडाभर वहीत मांडलेलं. नाश्त्याच्या वेळेव्यतिरिक्त चहालाही पैसे. बाहेरून आणलेल्या बाटल्या जहाजावर चालत नाहीत. बंदराचा आणि पर्यटनाचा कर वेगळा, माणशी ५० युरो, आणि आमच्या जहाजावर सगळं रोखीत. शेवटच्या दिवशी एटीएम शोधत पळायचं नसेल तर आधीच काढून ठेवा. क्रोएशियात २०२३ पासून युरो आणि शेंगेन व्हिसा, त्यामुळे जुन्या लेखांतल्या कुना या जुन्या चलनातल्या किमती वाचू नका.

कॅप्टनने आत्यापुढे बिल ठेवलं. चहा: ११. आत्याने पर्समधून डायरी काढली, चष्मा लावला, आणि बोट ठेवत ठेवत मोजलं. मग बिल परत त्याच्याकडे सरकवलं.

“बारा.”

कॅप्टनला वाटलं तिची तक्रार आहे. तो वही आणायला उठला. मी मध्ये पडून सांगितलं, उलट आहे, तुम्ही एक कमी लावलाय. गुरुवारी रात्रीचा, गाण्यांच्या वेळचा. तो हसून म्हणाला, तो माझ्याकडून. आत्याने मान हलवली, पेन मागितलं, अकराचे बारा केले, बेरीज दुरुस्त केली आणि खाली सही करावी तशी छोटी रेघ मारली. मग आलेपाकाचा उरलेला डबा डेकवरच्या पोराच्या हातात दिला आणि पायरी उतरायला त्याच्यापुढे हात धरला.